फुकटच्या उद्यानाची किंमत

कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या मतदारांनी ५ मार्च २००२ रोजी एका न झालेल्या विमानतळाला मूठमाती दिली. एल टोरो हा अमेरिकेच्या मरीन कोअरचा बंद पडलेला हवाई तळ. त्याच्या सुमारे ४,७०० एकरांवर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारायचा की मोठे सार्वजनिक उद्यान करायचे, हा आठ वर्षे चाललेला तंटा त्या दिवशी सुमारे ५८ टक्के मतांनी उद्यानाच्या बाजूने निकालात निघाला. लोकांनी धनदांडग्यांना नमवले, अशी ही कहाणी त्या भागात सांगितली जाते. ती खोटी नाही. अर्धी मात्र आहे. मतपेटीने विमानतळ नाकारला, एवढे खरे. त्याच्या जागी काय येणार, किती येणार आणि कधी येणार, हे मतपेटीने ठरवले नाही. ते ठरवले दोनच गोष्टींनी: जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि पैसे कोण घालणार आहे. उद्यान तर हवे, पण त्यासाठी नवा कर नको, ही अट सगळ्यांनी आनंदाने मान्य केली होती. पुढच्या वीस वर्षांत जे जे घडले ते या एका अटीच्या पोटातून निघाले, असे माझे म्हणणे आहे.

ही जमीन मुळात शेतीची. आर्व्हाइन घराण्याच्या अवाढव्य जमीनदारीचा हा एक तुकडा, आणि त्यावर पीक असे ते आपण ज्याला डबल बी म्हणतो त्या घेवड्याचे. पर्ल हार्बरनंतर प्रशांत महासागरातल्या युद्धासाठी मरीन वैमानिक तयार करायची घाई झाली, तेव्हा लष्कराने या सपाट रानावर बोट ठेवले. १९४२ मध्ये काम सुरू झाले आणि मार्च १९४३ मध्ये तळ कार्यान्वितही झाला. एल टोरो म्हणजे स्पॅनिशमध्ये बैल. तळाचे चिन्ह म्हणून पंखवाला बैल काढून दिला तो वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने. युद्ध संपल्यावर बरेच तळ ओस पडले, पण हा वाढत गेला. कोरियाला आणि व्हिएतनामला जाणारी पलटणे इथून उडाली. राष्ट्राध्यक्ष निक्सन सान क्लेमेंटेच्या आपल्या समुद्रकाठच्या घरी जाताना इथेच उतरत, आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनाम्यानंतर वॉशिंग्टनहून निघालेले त्यांचे विमान टेकले तेही याच धावपट्टीवर. दुसरी एक नोंद अधिक जड आहे. २५ जून १९६५ च्या मध्यरात्रीनंतर, धुक्यात, व्हिएतनामच्या वाटेवरचे एक लष्करी वाहतूक विमान इथून उडाले. त्याने डावीकडे वळायला हवे होते; ते सरळ गेले आणि लोमा रिज नावाच्या टेकडीवर आदळले. विमानातले ८४ जण ठार झाले. ती टेकडी पुढे विमानतळाच्या वादात पुन्हा उभी राहणार होती.

शीतयुद्ध संपले, संरक्षणखर्चाला कात्री लागली, आणि १९९३ च्या तळ-बंदी आयोगाने एल टोरोचे नाव यादीत घातले. विमाने सान डिएगोजवळच्या मिरामारला जाणार होती. आता या तळाचे काय करावे? कागदावर उत्तर सोपे होते. लांबरुंद धावपट्ट्या तयार, भोवती मोकळा पट्टा तयार, आणि काउंटीला मोठ्या विमानतळाची गरज आहे असे सगळे सांगत होते. काउंटीचा चालू विमानतळ म्हणजे जॉन वेन. त्याची धावपट्टी तोकडी, आणि तिच्या टोकाला न्यूपोर्ट बीच हे गर्भश्रीमंतांचे किनारी शहर. १९८५ च्या न्यायालयीन समझोत्याने तिथे रात्रीच्या उड्डाणांवर बंदी आली आणि वर्षाला ८४ लाख प्रवाशांची मर्यादा पडली. तिथून सुटणाऱ्या विमानाचे नाक एकदम उभे होते आणि थोड्याच उंचीवर इंजिनांचा जोर कमी केला जातो. नवख्या प्रवाशाच्या पोटात गोळा येतो, म्हणून अनेक वैमानिक आधीच सूचना देतात. हा सारा आटापिटा खालच्या बंगल्यांची झोप मोडू नये यासाठी. ही मर्यादा २००५ अखेर संपणार होती. त्याआधी गोंगाट दुसरीकडे हलवायचा तर एल टोरोइतकी सोयीची जागा कुठली? न्यूपोर्टच्या मंडळींनी, विशेषतः जॉर्ज आर्जिरोस या उद्योजकाने, पदरचा पैसा ओतला. संरक्षण कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्याने हवालदिल झालेल्या काउंटीच्या उत्तर भागाला रोजगाराचे आश्वासन दिले गेले. नोव्हेंबर १९९४ मध्ये प्रस्ताव 'ए' ५१ विरुद्ध ४९ टक्क्यांनी मंजूर झाला आणि विमानतळ कायद्याने पक्का झाला. महिन्याभरात, ६ डिसेंबरला, सट्टेबाज गुंतवणुकीत दीड अब्ज डॉलरहून अधिक घालवून बसलेली ही काउंटी दिवाळखोरीत गेली. विमानतळ हा घसरलेल्या काउंटीचा आधार आहे असे म्हणायला त्यामुळे अधिकच बळ आले. १९९६ मध्ये प्रस्ताव 'ए' रद्द करण्याचा काउंटीच्या दक्षिण भागातल्या विरोधकांचा प्रयत्न मोठ्या फरकाने आपटला.

मग सहा वर्षांत वारे का फिरले? काउंटीने स्वतःच्या आराखड्याने आपला घात करून घेतला, हे पहिले कारण. १९९६ च्या आराखड्यात वर्षाला ३ कोटी ८० लाख प्रवाशांचा विमानतळ रंगवला होता. ओरड झाल्यावर आकडे खाली येऊ लागले, एका टप्प्यावर ते २ कोटी ८८ लाखांवर आले. आकडा असा दर खेपेला उतरू लागला की मूळ आकड्याला आधार काय होता, असा प्रश्न साध्या माणसालाही पडतोच. दुसरे म्हणजे टेकड्या. दक्षिणेच्या दाट वस्तीवरून विमाने नेऊ नयेत म्हणून काउंटीने उड्डाणे पूर्वेकडे आणि उत्तरेकडे, म्हणजे चढत्या जमिनीच्या दिशेने, दाखवली होती. वैमानिकांच्या संघटनांनीच त्यावर आक्षेप घेतला: भरलेले विमान डोंगराकडे तोंड करून, कधी पाठीवर वारा घेऊन उडवायचे, हे आवाज वाचवण्याच्या नादात सुरक्षितता पणाला लावणे आहे. लोमा रिज कुणी विसरले नव्हते. जून १९९९ मध्ये लोकांची खात्री पटावी म्हणून काउंटीने प्रवासी विमाने प्रत्यक्ष उडवून दाखवली. खात्री पटली, पण उलट बाजूने.

दक्षिणेच्या प्रतिकाराची जिद्द एका उदाहरणावरून कळते. तळापासून काही मैलांवर निवृत्तांची लेझर वर्ल्ड नावाची बंदिस्त वसाहत होती. स्वतःची नगरपालिका असेल तर विमानतळाविरुद्ध अधिकाराने बोलता येईल, एवढ्यासाठी मुख्यतः तिथल्या म्हाताऱ्या मंडळींनी १९९९ मध्ये लगुना वुड्स हे शहरच स्थापन केले. दक्षिणेतल्या नगरपालिकांनी एकत्र येऊन नियोजन प्राधिकरण काढले, बिनविमानतळाचा पर्यायी आराखडा केला, कज्जे लढवले. मार्च २००० मध्ये प्रस्ताव 'एफ' सुमारे ६७ टक्क्यांनी मंजूर झाला: विमानतळ, मोठे तुरुंग, घातक कचऱ्याची आगारे यांना मतदारांच्या दोन तृतीयांश संमतीची अट. वर्षअखेरीस न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा विरोधकांच्या ध्यानात एक महत्त्वाची गोष्ट आली. नुसते 'नको' म्हणून भागत नाही, हातात काही 'हवे' असावे लागते. दक्षिणेतल्या आर्व्हाइन शहराचे लॅरी ॲग्रन आणि त्यांचे सहकारी 'ग्रेट पार्क' घेऊन पुढे आले. काउंटीच्या जमीनवापर आराखड्यातून विमानतळ काढून तिथे उद्यान आणि मोकळी जागा घालणारा प्रस्ताव 'डब्ल्यू' हा त्याचा कायदेशीर अवतार. उत्तरेतल्या अनाहाइम किंवा सांता ॲना इथल्या मतदाराला विमानांचा आवाज ऐकू येणार नव्हता. पण विमानतळाच्या रोजगाराचे स्वप्न विटले होते आणि उद्यान कुणाला नको असते? तेही एक पै न देता.

हा श्रीमंतांनी श्रीमंतांशी केलेला भांडणाचा खेळ होता, उद्यान हे नुसते निमित्त, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. दोन्ही बाजूंनी कोट्यवधी डॉलर खर्चले आणि त्यांतला मोठा भाग नगरपालिकांच्या तिजोऱ्यांतून, म्हणजे लोकांच्याच पैशातून आला. पण हेतू कोणता होता यापेक्षा प्रस्तावाची ताकद कुठवर पोचत होती, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रस्ताव 'डब्ल्यू'ने काउंटीच्या आराखड्यात बदल केला. जमीन मात्र काउंटीची नव्हतीच. ती केंद्र सरकारच्या नौदलाची होती. आणि आर्व्हाइन शहराने ती आपल्या हद्दीत ओढली की काउंटीचा आराखडा तिथे लागू राहणार नव्हता. २००३ अखेर हद्दवाढ मंजूर झाली. म्हणजे लोकांनी ज्या कागदावर शिक्का मारला, तो कागद दोन वर्षांच्या आत त्या जमिनीपुरता निरर्थक झाला. यात बेकायदा काही नव्हते, आणि फसवणूक म्हणणेही कदाचित जास्त होईल, कारण हद्दवाढ होणार हे सर्वांना माहीत होते. पण किती घरे बांधायची, कुठे बांधायची, उद्यान आधी की इमारती आधी, यांवर एकदाही मतदान झाले नाही.

नौदलानेही वेळ दवडला नाही. मतमोजणीनंतर काही आठवड्यांतच त्याने जाहीर केले की तळ विकायचा आहे. विमानतळ किंवा उद्यान यांसारख्या सार्वजनिक कामाला अशी जमीन मोफत वा सवलतीत देण्याची तरतूद अमेरिकी कायद्यात आहे. मग आर्व्हाइनने तो मार्ग का धरला नाही? कारण मोफत मिळालेली जमीनही फुकट पडत नाही. धावपट्ट्यांचे काँक्रीट उखडायचे, शेकडो इमारती पाडायच्या, रस्ते, गटारे, पाणी आणायचे, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे खालची माती. विमानांचे सुटे भाग धुवायला वापरलेले ट्रायक्लोरोएथिलीन दशकानुदशके जमिनीत मुरले होते. १९८५ मध्ये ते तळाबाहेरच्या शेतविहिरीच्या पाण्यात सापडले. भूजलातला तो दूषित पट्टा सुमारे तीन मैल लांब पसरला होता. १९९० मध्ये तळ देशातल्या सर्वांत प्रदूषित जागांच्या यादीत गेला. सफाईची जबाबदारी नौदलाची होती, पण शुद्ध होईतो काही तुकडे त्याच्याच ताब्यात राहणार होते. हे ओझे करदात्यावर टाकायचे नाही, असा शब्द दिला गेला होता. मग उरतो तो विकासक. एवढा साधा हिशेब होता, आणि मतदानाच्या वेळी तो कुणी फळ्यावर मांडला नाही.

२००५ च्या सुरुवातीला नौदलाने चार भूखंडांचा इंटरनेटवरून लिलाव केला. लेनार या घरबांधणी कंपनीने चारही भूखंड मिळून ६४ कोटी ९५ लाख डॉलरना घेतले. कराराप्रमाणे तिने १,३४७ एकर उद्यानासाठी शहराला दिले, विकासशुल्क म्हणून २० कोटी डॉलर आणि रस्ते-गटारांसाठी आणखी तेवढेच देण्याचे कबूल केले. बदल्यात तिला साधारण साडेतीन हजार घरे आणि व्यापारी बांधकाम यांची परवानगी मिळाली. सौदा चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. पुष्कळ बंद तळांना एवढे हाती लागले नाही. पण त्याच क्षणी उद्यानाचे नशीब घरांच्या भावाला बांधले गेले. घरे खपली तर उद्यान. नाही खपली तर कुंपणाआड उभे काँक्रीट.

आर्व्हाइन हे शहरच मुळी नकाशातून जन्मलेले. १९६० च्या दशकात वास्तुविशारद विल्यम पेरेरा यांनी ते आखले, जमीनमालक कंपनीने ते शिस्तीत बांधले, आणि सगळे आखल्याबरहुकूम झाले. रेखाटन म्हणजे निम्मे काम, हा समज तिथल्या हाडीमांसी खिळला असावा. २००६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कचे केन स्मिथ उद्यानाचे रचनाकार म्हणून निवडले गेले. त्यांच्या चित्रात दोन मैलांहून लांब कृत्रिम दरी होती, तिच्यातून वाहते पाणी, तळे, क्रीडांगणे, वनस्पती उद्यान, धावपट्टीच्या आठवणी. अंदाजे खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे. पहिले काय उभे राहिले? नारिंगी रंगाचा, दोराने जमिनीला बांधलेला एक प्रचंड हेलियम फुगा. जुलै २००७ मध्ये तो सुरू झाला. पंचवीस-तीस माणसे पाळण्यात घेऊन चारशे फूट वर जायचे, होणाऱ्या उद्यानाची जागा वरून बघायची आणि खाली यायचे. उद्यान दाखवण्याचे साधन उद्यानाच्या आधी तयार झाले! यावर तिथल्या वर्तमानपत्रांनी मनसोक्त टर उडवली, आणि त्यांना दोष देता येत नाही. तरी मला त्या फुग्यात निव्वळ उधळपट्टी दिसत नाही. काहीतरी चालू आहे हे दाखवण्याची ती धडपड होती; हातात असलेल्या पैशात तेवढेच जमत होते.

२००८ मध्ये अमेरिकेतला घरबाजार कोसळला. लेनारचे हात आखडले आणि एकही घर उभे राहिले नाही. शहराने मिळालेल्या शुल्कातून रचनाकार, सल्लागार आणि प्रसिद्धी यांवर खर्च चालू ठेवला. दुसरा तडाखा राज्याच्या राजधानीतून, सॅक्रॅमेंटोहून आला. वाढीव मालमत्ताकर वळवून घेणाऱ्या पुनर्विकास संस्था राज्याने १ फेब्रुवारी २०१२ पासून मोडीत काढल्या आणि पुढच्या काही दशकांत मिळतील म्हणून धरलेले सुमारे १४० कोटी डॉलर हवेत विरले. पुढे तडजोडीत त्यांतला थोडा भाग परत आला. तोवर २० कोटींहून अधिक डॉलर गेले होते आणि १,३४७ एकरांपैकी दोनशेच्या आसपास एकरांवर काही दिसत होते. २०१२ च्या निवडणुकीत आर्व्हाइनच्या नगरसभेतली ॲग्रन गटाची सत्ता गेली. नव्या मंडळींनी लेखापरीक्षण लावले, साक्षी झाल्या, चिखलफेक झाली. गंमत अशी की २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने त्या लेखापरीक्षणावरच ताशेरे ओढले. पैसा कुणी खाल्ला या चर्चेत वर्षे गेली. पैसा येणार कुठून, हा मूळ प्रश्न तिथेच राहिला.

त्याचे उत्तर नोव्हेंबर २०१३ मध्ये आले, आणि ते पहिल्यासारखेच होते: अधिक घरे. लेनारमधून निघालेल्या फाइव्हपॉइंट कंपनीने उद्यानाचे ६८८ एकर स्वतः बांधून देण्याची तयारी दाखवली, त्यासाठी १७ कोटी २० लाख डॉलर घालण्याचे कबूल केले आणि बदल्यात आणखी ४,६०६ घरांची परवानगी मागितली. नगरसभेने ती दिली. मूळ साडेतीन हजारांची संख्या दाट वस्तीच्या सवलतीने आधीच पाच हजारांजवळ गेली होती. ती आता साडेनऊ हजारांवर पोचली. स्मिथ यांची दरी कागदावरच राहिली. तिच्या जागी फुटबॉलची मैदाने, टेनिस कोर्टे, पाच हजार आसनांचे छोटे स्टेडियम, बर्फावरच्या खेळांची इमारत असा क्रीडासंकुलाचा कारखाना उभा राहिला. तो वाईट नाही. मुलांनी गजबजलेला असतो. पण २००२ च्या मतपत्रिकेवरचे उद्यान ते नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा की २००८ ची मंदी हे दुर्दैव होते, नियोजनाचा दोष नव्हे. मला हे पटत नाही. कॅलिफोर्नियाचा घरबाजार चढतो आणि पडतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. १९९० च्या दशकात तो पडलेला सगळ्यांनी पाहिला होता. चढत्या भावावरच जगणारी योजना आखायची आणि भाव पडल्यावर नशिबाला बोल लावायचा, हे बरोबर नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या राज्यात घरांची भयंकर टंचाई आहे. साडेनऊ हजार घरे झाली हे चांगलेच झाले, रडता कशाला? घरे झाली याचे दुःख नाहीच. मुद्दा हा की घरे हवीत की उद्यान, किती घरे, कुणाला परवडणारी, ही चर्चा उघड कधी झाली नाही. दर वेळी ती अडलेल्या उद्यानाची खंडणी म्हणून मागल्या दाराने आत आली. शिवाय 'कर नाही' हे वचनही पाळले गेले असे म्हणवत नाही. उद्यानालगतच्या नव्या वस्त्यांतले घरमालक नेहमीच्या मालमत्ताकराखेरीज पायाभूत सुविधांसाठीचा विशेष कर भरतात. २००२ मध्ये ज्यांनी मत दिले त्यांना कर लागला नाही. तेव्हा जे तिथे राहतही नव्हते त्यांना लागला. आणि विमानतळच बरा होता, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येईल की एल टोरोवाचून काउंटी बुडेल हे भाकीत फसले. जॉन वेनची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, आणि आज तिथून वर्षाला एक कोटीहून थोडे अधिक प्रवासी जातात. ३ कोटी ८० लाख कुठेच दिसत नाहीत.

ज्या कामाला पैसे घालणारा कुणी नाही, त्याचे त्या जमिनीवर काय होते हे माजी सैनिकांच्या दफनभूमीने दाखवले. २०१४ मध्ये राज्याने कायदा करून तळाच्या जागेत १२५ एकर तिच्यासाठी मुक्रर केले. ती जागा जुन्या इमारतींनी भरलेली, साफसफाई महाग. मग फाइव्हपॉइंटच्या स्ट्रॉबेरीच्या शेताशी अदलाबदल सुचवली गेली, म्हणजे मोक्याची जागा बांधकामाला मोकळी. जून २०१८ मध्ये आर्व्हाइनच्या मतदारांनी या अदलाबदलीला मान्यता मागणाऱ्या प्रस्ताव 'बी'वर सुमारे ६३ टक्क्यांनी 'नको' म्हटले. अदलाबदल रद्द झाली. मूळ जागेवर दफनभूमीही झाली नाही. एल टोरोहून उडालेल्यांसाठीची ही दफनभूमी शेवटी तळापासून दूर, अनाहाइमच्या टेकड्यांतल्या जिप्सम कॅनियनमध्ये करायचे ठरले.